दिवे सर्वांत शेवटी: जुन्या महाविद्यालयाचे वायरिंग नव्याने करताना

इमारत चाळीस-पन्नास वर्षांची आहे, वायरिंग तेव्हाचेच आहे आणि यंदा थोडा निधी हाताशी आहे. तर आधी सगळीकडे एलईडी दिवे लावून घ्यावेत का? महाड-पोलादपूर भागातील संस्थाचालक, प्राचार्य आणि माजी विद्यार्थी संघांचे पदाधिकारी हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा विचारतात. महाडचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालय १९६१ साली सुरू झाले, लोणेरेचे तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९ चे. या लेखाचा रोख कोणत्याही एका संस्थेवर नाही. पण त्या दशकांत उभ्या राहिलेल्या शैक्षणिक इमारतींचे वायरिंग कोणत्या हिशेबाने होत असे, ते आठवा. वर्गात दोन-चार दिवे, दोन-तीन पंखे, प्राचार्यांच्या खोलीत एखादा जादा प्लग. संगणक कक्ष, प्रोजेक्टर, सीसीटीव्ही, पाणी शुद्ध करणारे यंत्र आणि कार्यालयातला एसी ही सगळी त्या तारांवर नंतर बसलेली पाहुणेमंडळी.

म्हणून उत्तर थेट देतो: दिवे सर्वांत शेवटी. आधी अर्थिंग, मग गळती पकडणारी संरक्षक साधने, मग मुख्य पॅनेलची जागा, मग तारा, त्यानंतर पंखे आणि अखेरीस दिवे. व्यवहारात नेमका उलटा क्रम लागतो. दिवे बदललेले दिसतात, त्यांचे उद्घाटन होते, नॅकच्या अहवालात ऊर्जाबचतीच्या रकान्यात ते नोंदवता येतात. जमिनीत पुरलेल्या तांब्याच्या पट्टीचा फोटो कुणी लावत नाही.

आधी मोजमाप, मग अंदाजपत्रक

ठेकेदाराला बोलावून “किती खर्च येईल?” असे विचारण्याआधी इमारतीची तपासणी करून घ्या आणि ती काम न करणाऱ्या, म्हणजे ज्याला त्या कामाचे बिल लावायचे नाही अशा माणसाकडून करून घ्या. तपासणीत तीन गोष्टी मोजायच्या. पहिली, तारांच्या आवरणाचा रोध. मेगर नावाच्या उपकरणाने ५०० व्होल्टवर तो मोजतात आणि तो किमान १ मेगाओहम यावा अशी अपेक्षा असते. दुसरी, अर्थिंगचा रोध. तिसरी, प्रत्येक फेजवर दिवसभरात प्रत्यक्ष किती अँपिअर जातात ते. एका फेजवर सगळे संगणक आणि दुसऱ्या फेजवर व्हरांड्यातले दोन दिवे अशी वाटणी जुन्या इमारतींत सर्रास सापडते.

अर्थिंग कधी मोजायचे याबद्दल एक सूचना. आपल्याकडे जुलैत जमीन पाण्याने तुडुंब असते आणि अर्थिंगचा आकडा सुंदर येतो. तोच खड्डा मे महिन्यात मोजा. मुरूम आणि काळ्या दगडाची कोरडी जमीन वीज सहज वाहून नेत नाही, आकडा कैक पटींनी चढतो. संरक्षण बारमाही लागते, म्हणून निर्णय मे महिन्याच्या आकड्यावर घ्या. आकडा वाईट आला तर एका महागड्या “केमिकल अर्थिंग”वर सगळी भिस्त ठेवू नका. अंतर राखून दोन-तीन खड्डे घेऊन ते पट्टीने एकमेकांना जोडणे बहुधा अधिक भरवशाचे ठरते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अर्थिंगची हिरवी तार प्रत्येक प्लगपर्यंत खरोखर पोहोचते का ते पाहा. जुन्या बोर्डांत तीन भोकांचा प्लग असतो, पण वरच्या मोठ्या भोकामागे तारच नसते.

“एलईडीने लोड घटतो, मग जुन्या तारा का बदलायच्या?”

हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. जुनी चाळीस वॅटची ट्यूब चोकसह सुमारे ५५ वॅट घेते, तिच्या जागी वीस वॅटची एलईडी पट्टी बसते. तारेवरचा भार निम्म्याहून कमी होतो. आकडे खरे आहेत, निष्कर्ष चुकीचा आहे. तार केवळ भाराने निकामी होत नाही, वयानेही होते. पीव्हीसीचे आवरण वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होते आणि वाकवले की तडकते. त्याहून जुन्या, रबर-कापडी आवरणाच्या तारा तर बोर्ड उघडला की हातात भुगा होऊन येतात. अॅल्युमिनिअमच्या तारांचे जॉइंट सैल पडतात, गंज धरतात आणि तिथेच तापतात. लाकडी केसिंग-कॅपिंगला कोकणात वाळवी सोडत नाही. यातले काहीही नवा दिवा लावल्याने सुधारत नाही.

दुसरे असे की वाचलेला भार मोकळा राहत नाही. “आता लोड कमी झाला आहे” म्हणत कुणीतरी त्याच तारेवर एसी जोडतो. शिवाय एलईडीचे ड्रायव्हर आणि संगणक यांच्यामुळे न्यूट्रलमध्ये असा प्रवाह साठत जातो, जो तीन फेज समसमान वाटूनही एकमेकांना छेदून नाहीसा होत नाही. जुन्या मुख्य केबलमध्ये न्यूट्रलची तार फेजच्या निम्म्या जाडीची असते. न्यूट्रल तापून तुटला तर एका फेजवरच्या उपकरणांवर २३० ऐवजी त्याहून कितीतरी जास्त व्होल्टेज जाते आणि संगणक कक्ष एका क्षणात बसतो. म्हणून नव्या कामात न्यूट्रल फेजइतकाच जाड घ्या. दिव्या-पंख्यांच्या एका सर्किटवर १० पेक्षा जास्त पॉइंट किंवा ८०० वॅटपेक्षा जास्त भार नको, हा भारतीय मानकांतला जुना दंडक आहे, तोही पाळा. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पुरते, प्लगांना अडीच आणि एसीला बहुधा चार.

तरीही सगळ्या तारा उपटायच्याच असे नाही. मेगरचा आकडा चांगला असलेली, लोखंडी किंवा पीव्हीसी पाइपमधली तांब्याची तार ठेवता येते. मोजमाप आधी करायचे ते यासाठीच; त्यावर झालेला खर्च पुष्कळदा इथेच भरून निघतो.

पाणी कुठवर आले होते ते भिंतीवर पाहा

महाडमध्ये हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे. महाबळेश्वरच्या डोंगरातून उतरलेली सावित्री पोलादपूरवरून येते, महाडला तिला गांधारी मिळते आणि खालून खाडीची भरती पाण्याला तोंड देते. २६ जुलै २००५ चा पूर आणि २२ जुलै २०२१ चा पूर या दोन्हींत शहरातले तळमजले बुडाले. दोन्हींमध्ये सोळा वर्षांचे अंतर आहे. काही जण म्हणतात, पूर काही दरवर्षी येत नाही, मग पॅनेल वर नेण्याचा खर्च कशाला? पण नवे वायरिंग तुम्ही दरवर्षी करत नाही, ते पंचवीस-तीस वर्षांसाठी करता. गेल्या दोन दशकांचा अनुभव धरला तर त्या मुदतीत एक मोठा पूर गृहीत धरणे हा भित्रेपणा नसून साधा हिशेब आहे.

२०२१ च्या पाण्याची खूण तुमच्या इमारतीवर कुठे आहे ते निश्चित करा, कायमच्या रंगाने ती आखून ठेवा आणि जलसंपदा विभागाच्या निळ्या व लाल पूररेषांशी ताडून पाहा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. मग कामाच्या नकाशात पुढील गोष्टी घाला:

- मुख्य पॅनेल, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या, सर्व्हर आणि सीसीटीव्हीचा संच खुणेच्या वर, शक्यतो पहिल्या मजल्यावर.
- तळमजल्याचे सर्किट पूर्णपणे वेगळे आणि त्याचा मुख्य स्विच वर. पाणी चढू लागले की फक्त तळमजला बंद करता यावा आणि वरच्या मजल्यांवर दिवे चालू राहावेत. पुरात महाविद्यालयाच्या इमारतीत लोक आसऱ्याला येतात, तेव्हा हा एक स्विच फार मोलाचा असतो.
- तळमजल्यावर तारा जमिनीखालून नकोत, छताकडून खाली आणा. पाइपांची तोंडे खाली राहिली तर पाणी निथळते. प्लग कंबरेच्या वर.
- जनरेटर असेल तर पक्का चेंजओव्हर स्विच. तो नसेल तर तुमची वीज उलटी महावितरणच्या वाहिनीत जाते आणि खांबावर काम करणाऱ्या लाइनमनचा जीव जातो.

मीटर महावितरणचा असतो, तो तुम्ही स्वतः हलवू शकत नाही. जागा बदलण्यासाठी अर्ज करावा लागतो, शुल्क भरावे लागते. पाणी ओसरल्यावर मात्र एका गोष्टीची घाई करू नका. बोर्ड उघडून, धुऊन, वाळवून आणि मेगरचा आकडा घेऊनच वीज जोडा. बुडालेले एमसीबी आणि आरसीसीबी हे संरक्षक स्विच वाळले तरी वापरू नयेत, ते बदलायचेच. चिखल आत राहतो आणि ऐन वेळी यंत्रणा अडकते.

पोलादपूरकडे चित्र जरा वेगळे आहे. तिथे नदीकाठ सोडला तर पाण्यापेक्षा डोंगरातल्या लांब वाहिन्यांचा, पडणाऱ्या झाडांचा आणि विजांच्या कडकडाटाचा त्रास अधिक. म्हणून पॅनेलमध्ये वाढीव दाब जमिनीत सोडणारे सर्ज संरक्षक उपकरण आणि जिन्यांत बॅटरीवर चालणारे आपत्कालीन दिवे यांवर तिथे आधी खर्च करा. लांबच्या वाहिनीच्या शेवटी व्होल्टेज पडते. तशी तक्रार असेल तर आठवडाभर आकडे नोंदवा. लघुदाब पुरवठ्यात २३० व्होल्टपासून सहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक अपेक्षित नाही.

“आरसीसीबी सारखी पडते, म्हणून काढून टाकली”

पावसाळा सुरू झाला की असे बरेच ठिकाणी घडते. एमसीबी तारेला वाचवते. माणसाला वाचवते ती आरसीसीबी. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पूर्ण परत येत नसेल, म्हणजे तो ओल्या भिंतीतून किंवा कुणाच्या अंगातून जमिनीत जात असेल, तर ती वीज तोडते. माणसाच्या सुरक्षेसाठी ३० मिलिअँपिअरची हवी. १०० किंवा ३०० ची आगीपासून आणि उपकरणांच्या बिघाडापासून बचाव करते, पण विद्यार्थ्याच्या हाताला बसणारा धक्का तिच्या दृष्टीने किरकोळ असतो. गळतीसंरक्षण हा ऐच्छिक सोयीचा भाग नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांत ते होते आणि त्यांची जागा घेणाऱ्या २०२३ च्या नियमांतही आहे.

ती सारखी पडते याची कारणे बहुधा दोनच असतात. एक, खरोखर गळती आहे. मग ती काढून टाकणे म्हणजे ताप दाखवतो म्हणून थर्मामीटर फोडणे. दोन, जुन्या वायरिंगमध्ये एका सर्किटचा न्यूट्रल दुसऱ्यातून उसना घेतलेला आहे, त्यामुळे हिशेब जुळत नाही. दोन्ही दोष शोधून दुरुस्त करता येतात. त्रास कमी व्हावा म्हणून संपूर्ण इमारतीला एकच आरसीसीबी न लावता मजल्यागणिक, प्रयोगशाळेगणिक वेगळी लावा. एका प्रयोगशाळेतल्या ओल्या प्लगमुळे चालू परीक्षेत सगळे महाविद्यालय अंधारात जाणार नाही. दर महिन्याला तिच्यावरचे टेस्ट बटण दाबून तारीख वहीत लिहायला शिपाईमामांना सांगा.

आता पंखे, आणि मग दिवे

बचतीचा विचार करताना सगळे दिव्यांकडे पाहतात, पण कोकणातल्या दमट हवेत दिव्यांपेक्षा पंखे जास्त तास चालतात. मोठ्या खिडक्यांच्या जुन्या वर्गांत ऑक्टोबर ते मे दिवसा दिव्याची गरज कमीच पडते, पंखा मात्र फिरतच असतो. आठ ट्यूब आणि सहा पंखे असलेला एक वर्ग घ्या. ५५ वॅटच्या जागी २० वॅट केले तर दिव्यांत २८० वॅट वाचतात. ७५ वॅटच्या पंख्यांच्या जागी ३० वॅटचे बीएलडीसी पंखे लावले तर २७० वॅट. वर्षाला दोन्ही १,२०० तास चालतात असे धरले तर दिव्यांतून सुमारे ३३६ आणि पंख्यांतून ३२४ युनिट वाचतील. प्रत्यक्षात पंख्यांचे तास जास्त, दिव्यांचे कमी, म्हणून पारडे पंख्यांकडे झुकते. हे युनिट तुमच्या बिलातल्या दराने गुणा आणि मग खर्च किती वर्षांत निघेल ते काढा. विक्रेत्याने काढून दिलेला तक्ता बाजूला ठेवा. बीएलडीसी पंखा घेताना रिमोटवर चालणारा घेऊ नका. वर्गातला रिमोट पहिल्या सत्रातच हरवतो. भिंतीवरच्या रेग्युलेटरवर चालणारे प्रकार मिळतात.

दिव्यांबाबत पहिली चूक होते ती जुन्याच पट्टीत एलईडी ट्यूब खोचण्याची. काही ट्यूबना एका टोकाकडून वीज द्यावी लागते, काहींना दोन्हीकडून, आणि जुना चोक-स्टार्टर तसाच राहिला तर ट्यूब लवकर जाते किंवा बदलताना मोकळ्या पिनेला हात लागून धक्का बसतो. पूर्ण नवी पट्टी घेणे थोडे महाग पडते, पण वादच मिटतो. दुसरी चूक म्हणजे उजेड वॅटमध्ये मोजणे. वर्गात बाकाच्या पातळीवर सुमारे ३०० लक्स मिळायला हवे, फळ्यावर त्याहून जास्त, आणि फळ्यासाठी वेगळा दिवा हवा, जो मागच्या बाकावरून पाहताना डोळ्यांत येणार नाही. स्वस्त ड्रायव्हरचा दिवा लुकलुकतो. मोबाइलचा कॅमेरा त्याच्याकडे धरला की पडद्यावर पट्टे सरकताना दिसतात. नमुना मंजूर करण्याआधी ही चाचणी फुकट करता येते. तिसरी गोष्ट स्विचची. खिडकीलगतच्या रांगेला स्वतंत्र स्विच द्या. आषाढातल्या अंधाऱ्या दुपारी सगळे दिवे लागतील, डिसेंबरात फक्त आतली रांग. तार ओढतानाच हे केले नाही तर नंतर होत नाही.

काम कोणाकडून आणि कोणत्या कागदांवर

वायरिंगचे नवे काम, फेरफार आणि दुरुस्ती राज्य शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराकडूनच, परवानाधारक पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली करून घ्यावी लागते. ओळखीचा माणूस कुशल असेलही, पण अपघात झाला तर जबाबदारी संस्थेवर येते. शंभर किंवा अधिक माणसे एरवी जमतात अशा जागी वीज वापरण्याआधी विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ५४ नुसार विद्युत निरीक्षक आणि जिल्हाधिकारी यांना किमान सात दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. महाविद्यालयाचे सभागृह त्यात सहज बसते. फेरफार मोठा असेल तर आराखडा आधीच विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयाला दाखवा. भिंतीत झिरी मारण्यापूर्वी बांधकाम अभियंत्याला विचारा आणि स्तंभ-तुळयांना छिन्नी लावू देऊ नका. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमध्ये कोसळलेली तारिक गार्डन ही इमारत तर जुनीही नव्हती. इमारत मजबूत आहे की नाही हे वयावरून ठरवू नये.

निविदेत बहुतेक फसगत शब्दांच्या मोघमपणातून होते. त्यामुळे पुढील मुद्दे लेखी असू द्या:

- “उत्तम प्रतीची तार” नको. तारेचा चौरस मिलिमीटर, तांबे, आयएसआय चिन्ह आणि मान्य कंपन्यांची यादी हवी.
- दर सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विद्युत दरसूचीशी ताडलेले असावेत. सर्वांत कमी दर दरसूचीच्या फार खाली असेल तर तो ठेकेदार तारेत किंवा अर्थिंगमध्ये ते पैसे वसूल करणार, हे धरून चाला.
- जुनी तांब्याची तार आणि पितळी स्विच कुणाचे, याचा उल्लेख हवा. भंगाराची किंमत लहान नसते.
- शेवटचा हप्ता मेगर, अर्थिंग आणि आरसीसीबी यांचे चाचणी अहवाल आणि प्रत्यक्ष झालेल्या कामाचा नकाशा हाती आल्यावरच.

महावितरणकडे तुमचे हक्क

आधी बिल काढून दोन गोष्टी पाहा: मंजूर भार आणि दराचा वर्ग. शैक्षणिक संस्थांसाठी “सार्वजनिक सेवा” असा वेगळा वर्ग आहे, त्यात शासकीय आणि इतर असे दोन भाग आहेत. जुन्या जोडणीवर चुकून व्यापारी वर्ग लागलेला असेल तर तो बदलून मागा. काम झाल्यावर भार घटला असेल तर मंजूर भार कमी करून घेण्याचा अर्ज करता येतो, वाढला असेल तर वाढवून घेणे बंधनकारक आहे. विद्युत (ग्राहकांचे हक्क) नियम, २०२० मध्ये २०२४ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, वाहिनी वाढवावी लागत नसेल तर नवी जोडणी किंवा असलेल्या जोडणीत बदल नगरपालिका क्षेत्रात सात दिवसांत आणि ग्रामीण भागात पंधरा दिवसांत व्हायला हवा. डोंगराळ ग्रामीण भागासाठी ही मुदत तीस दिवस आहे. अर्जाची पोच आणि तारीख जपून ठेवा. तक्रार उद्भवल्यापासून दोन वर्षांच्या आत वीज ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जाता येते आणि तिथे समाधान झाले नाही तर विद्युत लोकपालाकडे. दोन्हीकडे वकील सक्तीचा नाही. विद्यार्थी आणि पालकांसाठीही एक मार्ग आहे: शासकीय आणि अनुदानित संस्थांकडे माहितीच्या अधिकारात शेवटच्या विद्युत तपासणीचा अहवाल मागता येतो.

पैसे टप्प्याटप्प्याने येणार असतील तर

बहुतेकांची अडचण हीच असते, आणि “एवढे सगळे कुठून करायचे” म्हणून शेवटी दिवेच बदलले जातात. तसे करण्याची गरज नाही. पहिल्या वर्षी फक्त अर्थिंग, मुख्य पॅनेल, मजल्यागणिक आरसीसीबी आणि तळमजल्याचे वेगळे सर्किट एवढे करा. संपूर्ण कामाच्या तुलनेत हा खर्च लहान असतो, पण जीव जाण्याचा धोका याच टप्प्यात सर्वांत जास्त कमी होतो. दुसऱ्या वर्षी प्रयोगशाळा, संगणक कक्ष आणि कार्यालय, कारण भार तिथे आहे. वर्गखोल्यांच्या तारा, पंखे आणि दिवे तिसऱ्या वर्षी एकत्र. एकाच वेळी शिडी लागते, एकाच वेळी रंग लागतो. छतावरच्या सौर पॅनेलचा प्रस्ताव कुणी आणला तर त्याला याच क्रमात शेवटी जागा द्या, कारण तो जोडला जाणार तुमच्याच पॅनेलला.

वेळापत्रक आपल्या हवामानाने ठरवलेले आहे. दिवाळीच्या सुट्टीत तपासणी आणि भाराची मोजणी, जानेवारी ते मार्च निविदा आणि मंजुरी, विद्यापीठाच्या परीक्षा आटोपताच मे महिन्यात काम आणि त्याच महिन्यात अर्थिंगचे मोजमाप. मृग लागण्यापूर्वी सगळ्या चाचण्या पूर्ण व्हायला हव्यात. ठेकेदार मे अखेरीस सुरुवात करतो म्हणाला तर काम पुढच्या वर्षावर टाका. उघड्या झिऱ्या आणि अर्धवट बोर्ड घेऊन महाडचा पावसाळा काढण्यापेक्षा जुने वायरिंग आणि नवी आरसीसीबी एवढ्यावर तो काढणे कमी धोक्याचे आहे.